आईच्या नावापुढचा रकाना

परवा कॉलेजातून येताना बांधावरून चालले होते, पायाखाली काहीतरी चुरडलं आणि वास आला. मी थांबलेच. भांबुर्डा. उग्र, थोडा ओव्यासारखा, थोडा औषधासारखा वास. हे झुडूप वर्षभर कुठे असतं कोण जाणे. भात कापून झालं, रिकाम्या खाचरांत वाल पेरला, तो नुसत्या दवावर वाढला आणि शेंगा भरल्या, की बांधाबांधावर हे उगवलेलं दिसतं. आमच्याकडे थंडी आली का, असं कोणी विचारत नाही. "पाला झाला का?" असं विचारतात.

पाला झाला म्हणजे पोपटी. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मधे अंडी, बटाटे, रताळी, पाल्यात गुंडाळलेली कोंबडी, पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला दाबून भरायचा. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. शेंगा आपल्याच ओलाव्यात शिजतात. शहरातून येणाऱ्यांना हे खरं वाटत नाही.

मला मात्र तो वास आला की गेल्या वर्षीचा हंगाम आठवतो, आणि त्यातही एक कागद आठवतो. पोपटीच्या आठवणीत कागदाचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या आठवणीत ती दोन्ही एकत्रच आहेत. शेंगेच्या सालीचे काळे डाग त्या कागदावर अजून आहेत.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच. हे मी पूर्वी कुणाला सांगत नसे, आता सांगते. आमचं घर कर्जतजवळ, कोंडाणे लेण्यांच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. बाबा खोपोलीच्या एका कारखान्यात जातात, शेत आई बघते. गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात दोन दिवसांचं चर्चासत्र होतं. दारावर मोठा फलक लावला होता: 'आशिया आणि आफ्रिका: अन्न, शिक्षण आणि संस्कृती'. फलक बांधायला मी स्टुलावर चढले होते. आशिया माझ्या हातात होता आणि आफ्रिका मैत्रिणीच्या, आणि मैत्रिणीची बाजू सारखी खाली येत होती.

समाजशास्त्राच्या मॅडमनी मला आधीच पकडलं होतं. "तू पोपटीवर निबंध वाचायचास. दहा मिनिटं."

"मॅडम, पोपटीवर काय निबंध? ती खायची असते."

"तेच लिही," मॅडम म्हणाल्या.

मी तेच लिहिलं नाही. मला वाटलं, एवढी मोठी माणसं येणार, त्यांच्यापुढे खाण्याचं काय सांगायचं? ग्रंथालयात बसून मी 'पारंपरिक पाकप्रक्रिया' असे शब्द गोळा केले. शिजायला किती वेळ लागतो, तिथे 'तीस मिनिटे' लिहिलं, कारण आकडा असला की अभ्यास वाटतो. शेवटी मॅडमनी सांगितल्याप्रमाणे माहिती देणाऱ्यांचा तक्ता केला. नाव, वय, शिक्षण, व्यवसाय. आमच्या आळीतल्या चार बायका. तिघींच्या पुढे शिक्षणाच्या रकान्यात खरं ते लिहिलं: शाळेत गेल्या नाहीत. चौथी माझी आई. तिच्यापुढे लिहिलं: चौथी पास.

हे पहिल्यांदा लिहीत नव्हते. पाचवीत असताना शाळेच्या अर्जावर आईचं शिक्षण विचारलं होतं. शेजारी बसलेल्या मुलीने तिच्या आईसाठी बी.कॉम. लिहिलं. माझे बाबा सातवी शिकलेले. त्यांच्या खालोखाल आईला चौथी शोभेल असं मला वाटलं आणि मी लिहून टाकलं. मग दरवर्षी तेच. आई सही करते, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. इतक्या वर्षांनी मलाही ते जवळजवळ खरंच वाटायला लागलं होतं.

चर्चासत्राला दोन पाहुणे प्रत्यक्ष आले होते, बाकीचे पडद्यावरून बोलत होते. पडद्यावरचे एक प्राध्यापक केनियातल्या शाळेच्या भाजीच्या वाफ्याबद्दल सांगता सांगता तोंड उघडं ठेवून तसेच थिजले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सरांना ठसका लागला." सगळं सभागृह हसलं, आणि माझी भीती थोडी कमी झाली.

प्रत्यक्ष आलेल्यांपैकी एक नेपाळचे थापा सर. ते हिंदी बोलत, त्यामुळे आम्हाला आपलेसे वाटले. त्यांनी त्यांच्याकडच्या ढिंडोबद्दल सांगितलं. ढिंडो म्हणजे कोदोचं, म्हणजे आपल्या नाचणीचं, घट्ट शिजवलेलं पीठ. डोंगरातली मुलं शाळेत जायला लागली तशी घरच्या ढिंडोला लाजायला लागली, असं ते म्हणाले. डब्यात पाकिटातल्या शेवया हव्यात. "शाळेने मुलांना पहिलं काय शिकवलं असेल, तर झाकण अर्धंच उघडून जेवायला," ते म्हणाले.

मी वहीत लिहीत होते, माझं पेन थांबलं. आठवीत कर्जतच्या शाळेत गेल्यावर मी नाचणीची भाकरी अशीच खायची. झाकणाच्या आडून, एकेक तुकडा मोडून. काळी भाकरी कोणाला दिसू नये म्हणून. नेपाळमधला कोणी मुलगाही त्याच वेळी तसाच जेवत असेल, हे मला कोण सांगणार होतं? एकाच वेळी वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या पाहुण्या इथिओपियाच्या. त्यांचं नाव आबेबा. उंच, पांढरी सुती शाल खांद्यावर, हसल्या की सगळं अंग हसायचं. त्यांच्याकडे सगळं घर एका मोठ्या ताटाभोवती बसून जेवतं. ताटात आंबवलेल्या पिठाची, घावनासारखी पण ताटाएवढी भाकरी, आणि त्यावरच कालवणं वाढलेली. त्या म्हणाल्या, शाळेत जेवण सुरू झालं तेव्हा मुलांना पहिल्यांदा वेगवेगळी ताटली मिळाली. पोटं भरली हे चांगलंच झालं. पण एका मुलीने घरी येऊन विचारलं, 'माझं ताट कोणतं?' त्यांच्या मते हा प्रश्नही शिक्षणातच मोजायला हवा. चांगलं की वाईट, ते त्यांनी सांगितलं नाही. शिकलेली माणसं उत्तर माहीत असूनही सांगत नाहीत की त्यांनाही ते माहीत नसतं, हे मला अजून कळलेलं नाही.

पहिल्या दिवशी दुपारी सगळ्यांना आमच्या शेतावर पोपटीला न्यायचं मॅडमनी ठरवलं होतं. पाहुण्यांना संध्याकाळच्या आत परत यायचं होतं, म्हणून पोपटी चार वाजता. आईला हे सांगितलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"चार वाजता? उजेडात? आगं, पोपटी हाय का साखरपुडा?"

"पाहुण्यांना जायचंय गं."

"जाऊ दे की. जाळ दिसला पायजे ना रं देवा! उन्हात जाळ कसा दिसंल?"

पाहुण्यांना आणलं रशीदचाचांनी. त्यांचं कर्जतच्या बाजारात अंड्यांचं दुकान आहे आणि एक टेंपो आहे. टेंपोत कॉलेजच्या खुर्च्या मांडल्या होत्या. कच्च्या रस्त्यावर खुर्च्या सरकायच्या आणि थापा सर आबेबाबाईंच्या पुढे जायचे, मग पुन्हा मागे. उतरल्यावर चाचांनी अंड्यांचे दोन ट्रे आईपुढे ठेवले आणि आभाळाकडे बघितलं. "भाभी, दिवसाउजेडी पोपटी! म्हणजे रोज्यात दुपारचं जेवण झालं हे."

"मी न्हाय, हिच्या मॅडमनी ठरवलंय," आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

मडकं भरताना थापा सर अगदी जवळ उकिडवे बसले होते. तळाचा पाला गेला, शेंगा गेल्या, आणि कोणी पाणी घालत नाही असं बघून त्यांना राहवलं नाही. त्यांनी आपली बाटली उघडून मडक्यात धरली. आईने त्यांचा हात वरच्या वर पकडला.

"ओ भाऊ! पानी नको! डूब जायेगा सब!"

"सॉरी दीदी, सॉरी!" सर म्हणाले. दीदी म्हटल्यावर आई विरघळली. मग तिने त्यांनाच तोंडाशी पाला दाबायला लावला.

मडकं उपडं झालं, पेंढा पेटला. आबेबाबाईंनी फोनमध्ये वेळ लावली आणि मला विचारलं, किती मिनिटं? मी माझा कागद आठवून सांगितलं, तीस. आईने विचारलं, काय म्हणते ती? मी सांगितलं.

"मिनटं? मडक्याला कुठं घड्याळ हाय?" आई हसायला लागली. "पेंढा वला हाय का सुका, वारा कुठला, शेंगा कवळ्या का जून, त्याच्यावर हाय सगळं. आन् तुला कोनी सांगितली तीस मिनटं?"

मला कोणीच सांगितली नव्हती. पण त्या दिवशीची खरी गंमत, की फजिती, अजून पुढेच होती.

जाळ चालू असताना मॅडमनी माझ्या निबंधाच्या प्रती वाटल्या. थापा सरांना देवनागरी वाचता येत होती. त्यांनी शेवटचं पान काढलं, तक्ता बघितला आणि मोठ्या आदराने आईकडे वळून विचारलं, "दीदी, आपने चौथी किस स्कूल से की?"

आई काटकी जाळात सारत होती. "कोन चौथी?"

"आप. यहाँ लिखा है."

आईने माझ्याकडे बघितलं. मी जाळाकडे. चार वाजताच्या उन्हात जाळ खरंच दिसत नव्हता, नुसती हवा थरथरत होती. माझ्या मनात एकच होतं, की आई आता 'हो' म्हणेल. तिने 'हो' म्हटलं तर वाचले. उद्या सभागृहात तक्ता वाचायचा होता, मॅडम समोर होत्या, आणि खोटी माहिती म्हणजे अभ्यासातला सगळ्यात मोठा गुन्हा, हे मॅडमनीच शिकवलं होतं. पण तिने 'हो' म्हटलं तर मी आईलाही खोटं बोलायला लावलं, हेही मला तेव्हाच कळत होतं.

"मी नाय शाळेत गेली," आई म्हणाली. साधंच. गावात किती घरं आहेत ते सांगावं तसं.

मॅडमनी इंग्रजीत आबेबाबाईंना सगळं समजावलं. मग आई उठली, ओंजळीत पाणी घेऊन मडक्यावर शिंपडलं. चर्र झालं आणि पाणी जागच्या जागी उडालं. "झाली," ती म्हणाली. आबेबाबाईंनी फोन बघितला. चाळीस मिनिटं झाली होती. त्यांनी वहीत मिनिटं लिहिली, मग खोडली, आणि त्या चर्र आवाजासाठी काय लिहावं म्हणून मॅडमना विचारत राहिल्या.

मडकं उलटं केलं तेव्हा वाफेने सगळ्यांचे चष्मे धुरकटले. केळीच्या पानांवर शेंगांचा ढीग पडला. हाताला चटके बसत होते तरी कोणी थांबत नव्हतं. थापा सरांनी शेंग सालीसकट चावली. आबेबाबाईंनी एक बटाटा आणि चार दाणे एकत्र करून मोठा घास केला आणि काही कळायच्या आत आईच्या तोंडात भरला. आई तोंड भरून माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. मॅडम हसत म्हणाल्या, याला त्यांच्याकडे गुर्शा म्हणतात. आपल्या हाताने समोरच्याला भरवायचं, ती मायेची रीत. घास जितका मोठा तितकी माया मोठी.

"मंग ही मला मारनारच मायेनं," आई कसंबसं म्हणाली, आणि लगेच तिनेही एक सोललेलं अख्खं अंडं आबेबाबाईंच्या तोंडात घातलं.

खाता खाता तक्त्याची गोष्ट पुन्हा निघाली. ती निघू नये म्हणून मी खूप शेंगा वाढत होते. आबेबाबाई म्हणाल्या, हिच्या रकान्यात 'नाही' कसं लिहायचं? वारा, पेंढा, शेंगांचं वय, हे सगळं हिला येतं. हे शिक्षणच आहे. तसंच लिहा. थापा सरांनाही ते पटलं. मॅडम म्हणाल्या, "'पारंपरिक ज्ञान' लिहू या का?" मला सुटल्यासारखं झालं. चौथीपेक्षा हे कितीतरी भारदस्त होतं, आणि खोटंही नव्हतं. मी आईला समजावलं, "आई, ते म्हणतात तू पोपटीत शिकलेलीच आहेस. तसं लिहू."

आईने हातातली शेंग खाली ठेवली.

"नको गं बाई. मला शाळेत घातलं नाय. ते तसंच लिव."

"अगं, पण ते चांगलं म्हणतायत."

"चांगलंच म्हनतायत, मला कळतंय. पन पोपटी येते म्हनून शाळा नको व्हती, असं व्हईल त्याचं. पोपटी मला आलीच असती. शाळेत जाऊनपन आली असती. तुला येते ना?"

मी म्हणाले, "मग अशिक्षित लिहू?"

"तसं तं मुळीच नको. मी काय आपल्या मनानं ऱ्हायली का? घातलं नाय. 'घातलं नाय' म्हनून लिव."

मॅडमनी ते भाषांतर करून सांगायला बराच वेळ घेतला. मी सगळ्यांचे चेहरे बघत होते. आबेबाबाईंचा चेहरा मला वाचता आला नाही. रशीदचाचा पान टाकायला उठले आणि म्हणाले, "भाभी, तुम्ही परीक्षा घ्यायला बसलात तर हे सगळे नापास, आणि मी पण." आई लाजून हसली आणि चाचांना आणखी शेंगा वाढल्या.

ते लोक गेल्यावर मी आईला म्हणाले, "मी चौथी का लिहिलं ते विचारलं नाहीस."

"इचारायचं काय त्याच्यात? लाज वाटली आसंल." तिने मडकं चुलीच्या राखेने घासायला घेतलं. "मलापन वाटते. पन माजी लाज मी बघीन. तू तुजा अभ्यास नीट कर."

यात रागावणं नव्हतं. तिने रागवायला हवं होतं असं मला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी वाचलं. कागद माईकला लागून फडफड आवाज येत होता. 'तीस मिनिटे' गाळलं आणि पाणी शिंपडायचं सांगितलं. तक्त्यापाशी आल्यावर मी आधी म्हणाले की छापलेल्या प्रतीत एक चूक आहे आणि ती छपाईची नाही, माझी आहे. मग चौघींची नावं वाचली आणि चौघींपुढे एकच वाचलं: शाळेत घातलं नाही. टाळ्या पडल्या, पण त्या सगळ्यांनाच पडत होत्या. त्यावर मी जाणार नाही.

चहाच्या वेळी आबेबाबाई माझ्याजवळ आल्या. माझं इंग्रजी कच्चं, म्हणून त्या अगदी सावकाश बोलल्या. त्यांचीही आई शाळेत गेलेली नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जांवर, विद्यापीठाच्या अर्जांवर, सगळीकडे त्यांनी लिहिलं आहे: सहावी. "सहावी!" त्या म्हणाल्या, "तू निदान चौथीवर थांबलीस." आणि आम्ही दोघी चहा सांडेपर्यंत हसलो. इतकी पुस्तकं लिहिलेली बाई, आणि माझ्यासारखीच आईला वर्ग देऊन मोकळी झालेली.

घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती थांबलीच. "येवढी मोठी बाई, तीपन?" मग थोडा वेळ वाल सोलत बसली. "तिच्या आयचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. चार बायकांचा तक्ता केला, अभ्यासक म्हणून मिरवले, आणि हे विचारलं नाही. त्याच दिवशी मी आबेबाबाईंना संदेश पाठवला. उत्तर आलं की आईचं नाव अलमाझ; ती लांब गावी राहते, तिथे गेले की तुझ्या आईचं सगळं सांगेन. मग पावसाळा आला, माझी परीक्षा आली, आणि ते तिथेच राहिलं. आई मात्र अधूनमधून विचारायची, "अलमास काय म्हनते गं?" जशी काय ती इथे खोपोलीच्या शिळफाट्याला राहते.

यंदा पाला झाला आणि आम्ही पोपटी लावली, या वेळी आईच्या मनासारखी, दिवस बुडताना, जाळ दिसेल अशी. त्याच आठवड्यात आबेबाबाईंचा आवाजी संदेश आला. त्यांच्याकडचा नाताळ जानेवारीत असतो, त्यासाठी त्या गावी गेल्या होत्या. आवाज मात्र त्यांचा नव्हता. म्हाताऱ्या बाईचा, खणखणीत, मधे कुठेतरी कोंबडा आरवत होता. आम्हाला एक शब्द कळला नाही, तरी आईने तो तीन वेळा ऐकला आणि तिन्ही वेळा मान हलवली. खाली आबेबाबाईंनी अर्थ लिहिला होता. तो मी आईला वाचून दाखवला: मुलीने सहावी लिहिलं ते मला माहीत नव्हतं, आता तिला ते बदलायला सांगितलंय. मलाही घातलं नाही. आमच्याकडे शेळ्या होत्या, त्यांच्यामागे कोणी जायचं?

इतक्या वर्षांत, आईला शाळेत का घातलं नाही, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. तिने हात पदराला पुसले, माझ्या हातातला फोन घेतला आणि तोंडासमोर आडवा धरला.

"कुठं बोलायचं? हितं?" तिने विचारलं. मी बटण दाबून धरलं.

"अलमासबाई," आई मोठ्याने म्हणाली, इथिओपियापर्यंत हाक पोचायला हवी अशा बेताने, "आमच्यात म्हशी व्हत्या."